परतीची वाट

काही दिवसांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने त्याच्या नव्या प्रोजेक्टची लिंक पाठवली. सबटायटलच्या फाइल्स वाचणारी छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड. रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल, नेटकं, उदाहरणं खरोखर चालणारी, लायसन्सची फाइल जागेवर, टेस्ट पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या. जीव ओतून केलेलं काम वाचताना कळतंच. शेवटी एक मथळा होता, 'आणखी एक कशाला?', आणि त्याखाली एकच वाक्य: 'जुन्या प्रोजेक्टकडून काही उत्तर आलं नाही.' तो जुना प्रोजेक्ट माझ्या चांगल्या ओळखीचा. आम्ही काही जण मिळून ज्या व्हिडिओ प्लेअरवर काम करतो त्यात तीच लायब्ररी आहे. म्हणून तिकडे जाऊन त्या मुलाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' ही विनंती, शोधली. बग छोटा पण चिवट होता. काही एडिटर यूटीएफ-८ फाइल सेव्ह करताना अगदी सुरुवातीला तीन बाइट ठेवतात. स्क्रीनवर त्यांचा मागमूस नसतो. पण पहिल्या ओळीत नुसता क्रमांक असणार असं धरून चाललेल्या पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कोडला, तो क्रमांक ओळखू येत नाही, तो तेवढा तुकडा टाकून पुढे जातो, आणि सिनेमातलं पहिलं वाक्य पडद्यावर येतच नाही. बाकी सगळं व्यवस्थित. असा बग शोधायचा तर फाइल हेक्समध्ये, म्हणजे बाइट न् बाइट दिसेल अशी, उघडून डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. त्याने ती बघितली होती, चार ओळींचा पॅच (दुरुस्ती) केला होता, नम्रपणे पाठवला होता. मग शांतता. मग 'कोणी बघतंय का?' असा त्याचाच निरोप. पुन्हा शांतता. आणि त्याखाली मेंटेनरचं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं, उत्तर: घरात आजारपण होतं, इकडे फिरकता आलं नाही, पॅच चांगला आहे, एक टेस्ट जोड, लगेच घेतो. या उत्तराची तारीख मुलाच्या नव्या रेपोतल्या (कोडच्या साठ्यातल्या) पहिल्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) दोन दिवस नंतरची.

फक्त दोन दिवस.

हे वाचल्यापासून ती तारीख डोक्यातून जात नाही. यात चुकलं कोणाचंच नाही. मेंटेनर माणूस आहे, त्याच्या घरात आजारपण येणारच. मुलाने वाट पाहिली होती, विचारलंही होतं. तरी आता एकाच कामाच्या दोन लायब्ररी आहेत. दोन्ही मन लावून सांभाळलेल्या आहेत, आणि एकीत दुरुस्त झालेला बग दुसरीत तसाच राहणार आहे. खरं तर तो राहिलाही. सबटायटलच्या एका फॉरमॅटमध्ये सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, दुसऱ्यात टिंब असतं, आणि लोक सर्रास एकाच्या जागी दुसरं लिहितात. नव्या लायब्ररीला हे दोन्ही चालतं, जुनीला चालत नाही. उलट, फार लांबलेल्या ओळी जुनी नीट तोडते, नवी नाही. आमच्या प्लेअरने कोणती घ्यावी? या प्रश्नावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. पण मला खरा प्रश्न वेगळाच वाटत राहिला. नवं सुरू करणं कधी योग्य असतं, आणि ते सुरू करताना जुन्याशी असलेला धागा कसा ठेवायचा?

रिकाम्या फोल्डरमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू करणारी 'गिट इनिट' ही आज्ञा लिहून एंटर दाबण्याचं सुख ज्याने अनुभवलंय, त्याला त्या मुलावर रागावता येणार नाही. सगळं आपल्या मनासारखं असतं. फंक्शनची नावं, फोल्डरची रचना, कुठली डिपेंडन्सी (दुसऱ्याचा तयार कोड) घ्यायची आणि कुठली नाही. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी कुठल्याशा घाईत घेतलेला निर्णय आपल्याला निस्तरावा लागत नाही. संध्याकाळी सुरू केलेलं काम मध्यरात्रीपर्यंत चालायला लागतं, टर्मिनलवर टेस्टच्या हिरव्या ओळी सरसर खाली जातात, आणि झोप उडून जाते. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये पहिला पॅच पाठवताना यातलं काहीच नसतं. आधी त्यांची नियमांची फाइल वाचायची, कोड त्यांच्या शिस्तीत बसवायचा, कमिट मेसेज त्यांना हवा तसा लिहायचा, त्यांच्या टेस्ट आपल्या मशीनवर चालवण्यासाठी कुठली कुठली व्हर्जन जमवायची. आणि मग वाट बघायची. हे वाट बघणंच सगळ्यात अवघड. रिव्ह्यू येत नाही तेव्हा मनात नाही नाही ते येतं. पॅच वाईट आहे का? आपण कोणाला दुखावलं का? की आपलं तिथे असणंच कोणाच्या खिजगणतीत नाही? समोरच्या बाजूला काय चाललंय ते दिसत नसल्यामुळे त्या शांततेचा अर्थ आपण आपल्या भीतीप्रमाणे लावतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमची सुरुवात सांगताना सगळे लिनस टॉरव्हाल्ड्सच्या २५ ऑगस्ट १९९१ च्या निरोपातलं 'नुसता छंद म्हणून' एवढंच सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. तो निरोप त्याने मिनिक्स ही आधीची ऑपरेटिंग सिस्टम वापरणाऱ्यांच्या गटात टाकला होता, आणि मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही, हे विचारलं होतं. नवं काही सुरू करणाऱ्याने जुनं वापरणाऱ्यांना जाऊन असं विचारणं आजही दुर्मीळ आहे. आपण बहुधा आधी बांधतो, मग तुलनेचा तक्ता करतो. त्या तक्त्यात आपल्या रकान्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा असतात. जुन्या प्रोजेक्टच्या लोकांना तो तक्ता वाचून काय वाटत असेल, याचा विचार करायला त्या घाईत वेळ नसतो.

पण काही वेळा वेगळी चूल मांडावीच लागते. गिटहबवर पॅच पाठवण्यासाठी जो फोर्क (स्वतःची प्रत) करतात त्याबद्दल मी बोलत नाही, खऱ्या फाटाफुटीबद्दल बोलतेय. १९९७ साली जीसीसी या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणाऱ्या टूलवर, ती वेळ आली. कोड मुक्त होता, पण तो पुढे नेण्याचं दार अरुंद होतं. मोजके लोक ठरवत, पॅच अडकून पडत, रिलीज लांबत. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या सुधारणा आपापल्या प्रतींमध्ये साठवून ठेवल्या होत्या. शेवटी काही जणांनी त्या सुधारणा एकत्र आणून ईजीसीएस नावाचा नवा प्रोजेक्ट सुरू केला, आणि विकासाचं काम सगळ्यांना दिसेल असं उघड्यावर ठेवलं. त्यांचं एक पाऊल मला फार मोठं वाटतं. नव्या प्रोजेक्टला कोड देणाऱ्यांनीही कॉपीराइट मूळ जीसीसीमागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्याच नावे करायचा, हा जुना नियम त्यांनी मोडला नाही. ज्यांच्याशी मतभेद होऊन बाहेर पडलो त्यांच्याच नावे आपण लिहिलेली प्रत्येक ओळ करत राहायची! हा कागदोपत्री भाग कंटाळवाणा असतो. फॉर्म भरा, सही करा, पाठवा. तो टाळला असता तर ईजीसीएसला माणसं आणखी भराभर मिळाली असती. पण मग त्या कोडला मूळ जीसीसीत परत जाता आलं नसतं. एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने ईजीसीएसलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली, कारभार सुकाणू समितीकडे आला, आणि जुलैमध्ये २.९५ हे एकत्र आलेलं रिलीज बाहेर पडलं. रागाच्या भरात बाहेर पडताना हे सुचणं किती कठीण आहे, याचा मी पुन्हा पुन्हा विचार करते. त्या लोकांनी पाऊल बाहेर टाकतानाच परतीची वाट मोकळी ठेवली होती.

ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि त्यातून फुटलेलं आयओ.जेएस यांचंही तसंच. डिसेंबर २०१४ मध्ये फुटले, सप्टेंबर २०१५ मध्ये एक झाले. एका कंपनीच्या हातातला कारभार मोकळा व्हावा, एवढीच फुटणाऱ्यांची मुख्य मागणी होती. कोडमध्ये उभं वैर नव्हतं. त्या ताटातुटीची खूण व्हर्जनच्या आकड्यांत राहिली आहे: नोड ०.१२ वरून एकदम ४.० वर गेलं, कारण मधले आकडे आयओ.जेएसने वापरून झाले होते. जुनी कागदपत्रं चाळताना ही उडी दिसली की मला बरं वाटतं. दुसऱ्याने केलेलं काम आपल्या मोजणीत धरलं गेलं, असा तिचा अर्थ आहे.

सगळीकडे असं होत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस निघालं, तेव्हा बाहेर पडणाऱ्यांचं कारण सबळ होतं आणि पुढच्या वर्षांनी ते खरं ठरवलं, असं माझं मत आहे. काम करणारे बहुतेक जण तिकडेच गेले. २०११ मध्ये मालक कंपनी ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनकडे सोपवलं आणि त्याचं लायसन्स बदललं. तेव्हापासून अपाचेकडचा कोड लिब्रेऑफिसला घेता येतो, पण लिब्रेऑफिसमधली दुरुस्ती त्याच्या लायसन्सच्या अटींमुळे उलट दिशेने नेता येत नाही. दोन्हीकडे तोच जुना कोड, त्यातच दडलेले तेच बग, आणि वाट मात्र एकेरी. लायसन्स निवडताना आपण आपल्याला काय हवं त्याचा विचार करतो. उद्या कोणाशी जुळवून घ्यावं लागेल, हा विचार त्या क्षणी कोणाच्याच मनात नसतो. रेपो तयार करताना समोर एक यादी येते, त्यातलं ओळखीचं नाव आपण निवडतो आणि पुढे जातो.

वाट मोकळी असली तरी तिच्यावरून कोणीतरी चालावं लागतं. पायथनमध्ये आकड्यांच्या मोठमोठ्या मांडण्या हाताळायला आधी न्यूमेरिक होतं. मग हबल दुर्बिणीचं काम पाहणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या लोकांनी नमअरे काढलं. त्यांच्याकडच्या प्रतिमा प्रचंड, त्यांना न्यूमेरिक पुरत नव्हतं. नमअरे मोठ्या मांडण्यांना वेगवान, पण छोट्या मांडण्यांना न्यूमेरिकपेक्षा हळू. साहजिकच काही लायब्ररी एकीवर उभ्या राहिल्या, काही दुसरीवर, आणि दोन्ही लागणाऱ्या संशोधकाला मधल्यामध्ये डेटा इकडून तिकडे करत बसावं लागे. ट्रॅव्हिस ऑलिफंट तेव्हा ब्रिगम यंग विद्यापीठात शिकवत होते. २००५ मध्ये त्यांनी दोन्हींचं एकत्रीकरण हाती घेतलं. जुन्या न्यूमेरिकचा गाभा, त्यात नमअरेच्या सोयी. ऑक्टोबर २००६ मध्ये नमपाय १.० आलं. २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगासमोर आली, तिच्यामागच्या गणितात नमपाय होतं. पण मला त्या प्रतिमेपेक्षा २००५ सालचं ते काम डोळ्यांसमोर येतं. दोन टीमचा कोड शेजारी शेजारी उघडून ओळ न् ओळ लावून बघायची. दोन्ही बाजूंच्या लोकांना समजवायचं की तुमचं काम वाया जात नाहीये. अशा कामात नव्या निर्मितीचं कौतुक मिळत नाही आणि विद्यापीठात बढतीसाठी ते मोजलंही जात नाही. सहकार्याबद्दल आपण भरपूर बोलतो, पण ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या माणसाच्या रात्रींवर उभं असतं.

लिनक्सवरच्या केडीई आणि ग्नोम या दोन डेस्कटॉपची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, आणि मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. केडीई १९९६ चं. ते क्यूटी या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर बांधलेलं, आणि क्यूटीचं तेव्हाचं लायसन्स पुरेसं मुक्त नाही म्हणून १९९७ मध्ये ग्नोम सुरू झालं. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आलं. म्हणजे ग्नोम ज्या कारणासाठी जन्मलं ते कारण तीन वर्षांत संपलं. पण तोवर ग्नोमची माणसं होती, त्यांची पद्धत होती, त्यांचं स्वतःचं सौंदर्य होतं. कारण संपलं म्हणून प्रोजेक्ट संपत नाही, आणि संपावा असंही कोणी म्हणू नये. त्याच वर्षी फ्रीडेस्कटॉप हा सामायिक प्रोजेक्ट सुरू झाला. दोन्ही डेस्कटॉप एक करायचा नाद कोणी केला नाही. ज्या बाबतीत वेगळं असण्यात कोणाचाच फायदा नव्हता, तेवढ्याच गोष्टी त्यांनी सामायिक केल्या. मेन्यूत प्रोग्रॅम कसा दिसावा हे सांगणारी छोटी फाइल. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखण्याचे नियम. आणि प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती डी-बस. केडीईकडे डीकॉप नावाची स्वतःची अशीच यंत्रणा आधीपासून होती, चांगली चालणारी होती. डी-बस तिच्यावरूनच बेतलेली. तरी २००८ मध्ये केडीई ४ आलं तेव्हा त्यांनी डीकॉप सोडून डी-बस घेतली. आपली धडधाकट चालणारी गोष्ट, केवळ शेजाऱ्यालाही वापरता यावी म्हणून, बाजूला ठेवायची. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या टीममध्ये तेव्हा काय काय बोलणं झालं असेल, ते ऐकायला मला फार आवडलं असतं.

आणि एक उदाहरण तर आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर असण्याची शक्यता आहे. 'स्थिती' हा शब्द टाइप करताना आपण थ नंतर ऱ्हस्व वेलांटी देतो. साठवला जातानाही तोच क्रम असतो: स, हलन्त, थ, वेलांटी. पण दिसताना वेलांटी डावीकडे येते, आणि नुसत्या थ च्या नव्हे तर त्याला जोडलेल्या अर्ध्या स च्याही डावीकडे. स ने अर्धं रूप घ्यायचं, वेलांटीने उडी मारायची, तिचं वळण जोडाक्षराच्या रुंदीला पुरायचं. यासाठी लागणारे फाँटमधले नियम वाचणारा कोड एकेकाळी फ्रीटाइप या फाँट हाताळणाऱ्या प्रोजेक्टमध्ये होता. तो ग्नोमच्या बाजूच्या पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने उचलला, क्यूटीनेही उचलला. दोघांनी आपापल्या प्रतीत आपापले बग काढले, आणि अर्थातच दोन्ही प्रती एकमेकींपासून लांब गेल्या. एकीत जोडाक्षर नीट, दुसरीत मोडलेलं. मग दोन्ही बाजूंनी मिळून त्या प्रती हार्फबझ नावाच्या एका लायब्ररीत आणल्या, पुढे ती नव्याने लिहिलीही गेली. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळे तीच वापरतात. तुम्ही हे त्यांपैकी कशातही वाचत असाल तर वरच्या शब्दातली वेलांटी बहुधा तिनेच जागेवर बसवली आहे. ज्यांची भाषा अशा मांडणीवर अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने या सहकार्याचं मोल वेगळंच आहे. तेव्हा प्रत्येक टीम आपापली प्रत सांभाळत बसली असती, तर आपल्याला प्रत्येक ठिकाणी वेगळी तुटकी मराठी वाचावी लागली असती.

पुन्हा त्या न आलेल्या उत्तराकडे येते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, मेंटेनर्स नावाची एक भलीमोठी फाइल आहे. कुठला भाग कोण सांभाळतं, निरोप कुठे पाठवायचा, हे तीत लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक नोंदीत भागाची अवस्था दिलेली असते. सपोर्टेड म्हणजे कोणालातरी या कामाचा पगार मिळतो. मेंटेन्ड म्हणजे कोणीतरी खरोखर लक्ष ठेवून आहे. ऑड फिक्सेस म्हणजे माणूस आहे, पण त्याला यापेक्षा जास्त वेळ नाही. आणि ऑर्फन, पोरका. मला ही फाइल फार आवडते, कारण तिच्यात लाज नाही. माझ्याकडे वेळ नाही, हे दोन शब्दांत लिहायची जागा तिथे आहे. छोट्या प्रोजेक्टमध्ये ती जागा नसते. तिथे एकच माणूस असतो. सगळ्यांना वाटतं की तो आहे, आणि तो नाही हे कळायला बाहेरच्याला कित्येक आठवडे लागतात. फाइल्स दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या टूलच्या बाबतीत याचा किती भयंकर वापर झाला ते आपण पाहिलं. फावल्या वेळात, विनामोबदला काम करणाऱ्या एकट्या मेंटेनरवर 'जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या' असा दबाव येत राहिला, मदतीला धावून आलेल्याने दीर्घकाळ चांगलं काम करून विश्वास कमावला, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्याच रिलीजमध्ये चोरदरवाजा सापडला. तोही अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला म्हणून. तेव्हापासून कुठल्याही इश्यूखाली (नोंदवलेल्या तक्रारीखाली) 'अजून उत्तर का नाही?' असं चिडून लिहिलेलं दिसलं की माझ्या पोटात कालवतं. लिहिणारा बहुधा प्रामाणिकच असतो. पण थकलेल्या माणसाला तो आवाज आणि एक्सझेडवर दबाव आणणाऱ्यांचा आवाज सारखाच ऐकू येतो.

म्हणून त्या दोन लायब्ररींपैकी कोणतीही बंद करा, असं मी कोणाला म्हटलं नाही. दोघांना वेगवेगळं लिहिलं आणि एकच गोष्ट सुचवली: विचित्र सबटायटल फाइल्सचा एक सामायिक संग्रह करू या. त्यात कोड एका ओळीचाही नको. एका बाजूला फाइल, दुसऱ्या बाजूला ती वाचून काय मिळायला हवं त्याचा निकाल. हे काही माझं डोकं नाही. एरवी एकमेकांच्या चढाओढीत असलेले ब्राउझर वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स नावाचा एकच संग्रह वापरतात. मार्कडाउन या साध्या खुणांनी मजकूर सजवण्याच्या पद्धतीच्या डझनावारी बोली झाल्या तेव्हा २०१४ मध्ये कॉमनमार्क आलं, आणि त्याच्या नियमांच्या मसुद्यातच सहाशेहून जास्त उदाहरणं आहेत, जी कोणालाही आपल्या पार्सरवर टेस्ट म्हणून चालवता येतात. कोड एक करायचा म्हटलं की कोणाला तरी हरावं लागतं. उदाहरणं एक करायला तसं कोणी हरत नाही. मुलाने त्याच दिवशी होकार कळवला. जुन्या मेंटेनरने सावकाश, पण फार नेमका प्रश्न विचारला: या फाइल्समधला मजकूर कोणाचा? खऱ्या सिनेमांची सबटायटल घेतली तर त्यांवर कोणाचा तरी हक्क आहे, मग हा संग्रह मुक्त कसा राहील? त्यामुळे आता सगळे संवाद नव्याने लिहावे लागताहेत. कोणाच्याच नसलेल्या सिनेमातली वाक्यं, मुद्दाम चुकीच्या वेळा, मुद्दाम आधी ठेवलेले ते तीन बाइट. काही ठिकाणी 'बरोबर उत्तर' कोणतं यावरच दोघांचं जमत नाही. एखाद्या ओळीची संपायची वेळ तिच्या सुरू होण्याच्या वेळेआधीची असेल तर ती ओळ टाकून द्यावी की दाखवावी? या एका मुद्द्यावर इतकी लांब चर्चा चालली आहे की ती वाचताना मला खूप आनंद होतो. ती आता एकाच ठिकाणी, एकमेकांशी चालली आहे.

आमच्या प्लेअरमध्ये तूर्तास जुनीच लायब्ररी ठेवली आहे. त्या चार ओळींचा पॅच तीत अजून गेलेला नाही, कारण मुलाने टेस्ट जोडलेली नाही आणि मेंटेनरला ती त्याच्याच हातून हवी आहे, त्याचं नाव इतिहासात लागावं म्हणून. मला दोघांचंही पटतं.

इतकं सगळं म्हणताना एक गोष्ट मला सारखी अडवते. कोडमधले बदल नोंदवणारं बिटकीपर हे टूल फुकट वापरण्याची मुभा कर्नलच्या लोकांकडून काढून घेतली गेली तेव्हा, एप्रिल २००५ मध्ये, एकाच कारणासाठी एकाच महिन्यात दोन प्रोजेक्ट सुरू झाले. टॉरव्हाल्ड्सने गिट, मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल. दोघेही कर्नलवरच काम करणारे. आधी बोला, मग बांधा, हा माझा आग्रह तेव्हा कोणी धरला असता तर दोनांतलं एक झालंच नसतं. पुढे गिट जिंकलं म्हणतात. पायथनने २०१७ मध्ये मर्क्युरियल सोडलं, फायरफॉक्सने २०२३ मध्ये सोडायचं जाहीर केलं. पण मर्क्युरियल वापरलेल्या माणसांना त्यातली एक गोष्ट कायम हवीशी वाटत राहिली: कमिटची निवड करण्यासाठी असलेली त्याची छोटीशी सुबक भाषा. ती आज जुजुत्सू नावाच्या टूलमध्ये पुन्हा आली आहे. ते सुरू करणाऱ्याने आधी मर्क्युरियलवर काम केलेलं आहे. वरची ही कल्पना मर्क्युरियलची, आणि खाली कोड साठवायला सरळ गिटचीच रेपो. त्यामुळे टीममधला एक जण ते वापरू शकतो, बाकीचे गिट वापरत राहतात, आणि दोघांचं काम एकाच ठिकाणी जमा होतं. ते वापरून बघायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोणाला काही सोडायलाही सांगावं लागत नाही.